अकरा विळे

उधव्याच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यावरची सुषमा आज तुम्हाला दिसली, तर तुम्ही तिच्याकडं दुसऱ्यांदा बघणारही नाही. सकाळी कंपनीची गाडी येते, वीस-पंचवीस बायापोरी तिच्यात कोंबल्या जातात, त्यातलीच ती एक. हद्दीपलीकडच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून प्लास्टिकच्या बरण्यांना झाकणं लावायची आणि दिवेलागणीला परत यायचं. वय अठरा. अंगानं काटक, बोलायला कमी. पण दोन वर्षांपूर्वी डहाणूच्या मैदानावर ह्याच पोरीनं एकटीनं पाच मिनिटं समोरच्या अख्ख्या संघाचा घाम काढला होता. खोटं वाटत असेल तर त्या दिवशी तिथं जे हजर होते त्यांना विचारा. आणि मग एवढी पोर झाकणं लावायला कशी गेली, हेही विचारा, कारण त्याचं उत्तर देताना माणसं अजून दुसरीकडं बघतात.

तेव्हा ती दहावीत होती. शाळा पाड्यापासून पाऊण तासाच्या चालीवर. मैदान म्हणजे मुरमाचा एक तुकडा, दोन टोकांना खो-खोचे दोन खांब रोवलेले. रविंद्र सर खेळ शिकवायचे. सर घाटावरचे, साताऱ्याकडचे, इकडं येऊन तीन वर्षं झालेली. माणूस मनानं सोन्यासारखा, ह्यात वादच नाही. पोरींच्या गुडघ्यांना स्वतःच्या खिशातून औषध आणायचे, पावसात भिजल्या तर ओरडायचे, आणि सुषमाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. सुषमा पळताना समोरच्या पोरीच्या पायाकडं बघत नसे, खांद्याकडं बघे. खांदा कुठं वळला की पाय तिकडंच जाणार, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सर म्हणायचे, हे शिकवून येतच नाही.

घरात माणसं तीन. बाप तुक्या, आई नवशी आणि ही. तुक्या ताडी काढायचा. चार वर्षांपूर्वी ताडावरून खाली आला आणि खुब्याचं हाड गेलं. दवाखान्यात दोन महिने काढले, पण पाय जो आखडला तो आखडलाच. तेव्हापासून तो पडवीत बसून टोपल्या विणतो. उकिडवं बसता येत नाही, वाकता येत नाही. पूर्वी हा माणूस दिवसाला बारा ताड चढायचा, आणि आता त्याला कुणी हात दिल्याशिवाय परसाकडं जाता येत नाही.  

आता सावडीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं भाताला मजूर लावायची ऐपत कुणाची नसते, आणि लावायचा म्हटला तरी मजूर मिळत नाही, कारण सगळ्यांचं भात एकदमच पिकतं. म्हणून सावड. आज तुझ्या शेतात माझ्या घरचं माणूस, उद्या माझ्या शेतात तुझ्या घरचं. जेवढी माणसं आली तेवढी परत करायची. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी मागत नाही, आणि कुणी विसरतही नाही. आलेल्याला भाकरतुकडा घालायचा, आणि बांधावर आलेल्याला परत पाठवायचं नाही, तो मोठा अपमान.

तुक्या पडला आणि ह्या घराची सावड तुटली. उघड कुणी काही बोललं नाही हो. पण लोकांनी हिशेब मनात केला. ह्यांच्याकडं एक बाई आणि एक शाळेतली पोर; ह्यांच्या शेतात चार माणसं पाठवली तर परत कोण येणार? दोन वर्षं कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी मायलेकी दोघीच कापत बसल्या, अर्धं भात उभं असताना पाऊस आला आणि कणसांना शेतातच मोड फुटले. त्या उन्हाळ्यात ह्या घरानं कंद उकडून खाल्ले. शेवटी पाड्यावरचा म्हातारा हाल्या मध्ये पडला. त्यानं चार घरांत सांगितलं, तुक्याच्या घराला सावडीत घ्या, ती पोर पुऱ्या बाईचं काम करते, मी बघितलंय. असं करून नवशी पुन्हा सावडीत आली. ती सावड पुन्हा तुटायचा तिला केवढा धाक होता, ते तिचं तिलाच माहीत.

सुषमाचा दिवस असा: पहाटे उठून पाणी, चूल, बापाला धुणं-पुसणं, मग शाळा, चारला सराव, येताना रानातून लाकडाची मोळी. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत तर सकाळी चिखलात आणि दुपारी मैदानात. सप्टेंबरात तलासरीला तालुक्याचे सामने जिंकले तेव्हा घरी कुणाला कळलंही नाही. तिनं सांगितलं, नवशी म्हणाली बरं झालं, आणि दोघी चवळी सोलत बसल्या. तुक्यानं मात्र दोनदा विचारलं, किती वेळ उभी होतीस म्हणून.

ऑक्टोबर लागला, भात पिवळं झालं. जिल्ह्याचे सामने मंगळवारी डहाणूला होते आणि सुषमा आदल्या आठवड्यात तीन दिवस सरावाला आली नाही. चौथ्या दिवशी सर स्वतः पाड्यावर हजर. नवशीनं त्यांना चटई टाकली, काळा चहा दिला आणि सरळ सांगितलं, "सर, भात उभं हाय. आमची पाळी लागायला अजून पाच-सहा दिवस. तोवर दुसऱ्यांच्यात जावं लागतं. पोर मोकळी नाही."

"आणि तुमचं कापून झालं तर?"

"झालं तर जाऊ दे की. मी कशाला अडवू?"

सरांनी एवढंच धरलं. तुमचं कापून झालं की पोर मोकळी. चहाचा पेला खाली ठेवला आणि हसत निघून गेले. बिचाऱ्याला वाटलं, गणित सुटलं.

रविवारी सकाळी बांधावर अकरा पोरी उभ्या. सुषमा सोडून सगळा संघ. प्रत्येकीच्या हातात घरून आणलेला विळा, डोक्याला फडकं, आणि मागं सर, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. "श्रमदान!" सर म्हणाले. "आज दुपारपर्यंत तुमचं शेत साफ. मग सुषमा आमची."

पोरींना सावड माहीत नव्हती असं नाही. पाड्यापाड्यावरच्याच त्या. पण सरांनी सांगितलं म्हणजे शाळेचं काम, असं त्यांनी धरलं. सुषमाची मैत्रीण शितल तेवढी खाली मान घालून हळूच म्हणाली, "आई विचारत होती, तुमची सावड आमच्यात कधी येणार म्हणून." सुषमा हसली. तिला वाटलं, शितल थट्टा करतेय. त्या दिवशी तिला सगळंच हसण्यासारखं वाटत होतं. कुणी आपल्यासाठी येतं, हे तिला नवीनच होतं.

नवशी बांधावर उभी होती. ती अकरा विळ्यांकडं बघत राहिली.  आलेल्यांना परत पाठवता येत नाही. म्हणून ती घरात गेली, राखून ठेवलेले तांदूळ काढले, सुकटीचं कालवण केलं, आणि अकरा पोरींना आणि सरांना पोटभर वाढलं. सर म्हणाले, आई, हात फार चांगला आहे तुमचा. नवशी म्हणाली, आणखी घ्या. त्यांना वाटलं, बाई खूश आहे. खूश कसली, ती वाढता वाढता मनात घरं मोजत होती.

मंगळवारी डहाणू. समुद्रावरून वारा येत होता आणि मैदानाच्या कडेनं लोक दाटीनं उभे होते. शेवटच्या तुकडीतल्या तिघींपैकी दोघी लगेच बाद झाल्या, सुषमा एकटी उरली. मग तिनं जे केलं ते बघून समोरच्या शाळेचे गुरुजी शेवटी कपाळावर हात मारून खाली बसले. खांबाला वळसा, पुन्हा मधून, पुन्हा खांब. आठ पोरी बसल्या जागी उठून उठून दमल्या. पाच मिनिटं झाली, शिट्टी वाजली, ही नाबादच, आणि जिल्हा जिंकला. नंतर एक अनोळखी बाई येऊन सुषमाकडं बोट दाखवत सरांशी बोलत राहिल्या. घरी येताना गाडीत सरांनी तिला पुढं बसवलं आणि सांगितलं, "पुढच्या शनिवारी अलिबागला विभागाचे सामने आहेत. तिथं निवासी क्रीडा केंद्राचे लोक बघायला येणार. त्यांनी उचललं तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिकडंच, बारावीपर्यंत. तू फक्त आजच्यासारखी खेळ."

"बा एकटा कसा राहील?" हे तिनं विचारलं. सर म्हणाले, ते बघू आपण. मग घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात त्या केंद्राचंच चालू होतं. रोज दोन वेळा जेवण, रोज खेळ, आणि मोळी नाही. असं जगता येतं, हेच तिला आजवर माहीत नव्हतं.

घरी नवशी वाट बघत होती. पोरीचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "उद्यापासून सावड फेडायची. अकरा घरं हायत."

"आये, ती सावड नव्हती. सर म्हणाले मदत हाय."

"सर दिवाळीला घाटावर जातील. शेत हितंच राहणार, आपण पण हितंच राहणार." नवशी आवाज चढवत नसे. "त्या पोरी रविवारी आपल्यात होत्या, म्हणजे त्यांच्या घरी एकेक माणूस कमी होतं. त्यांचं भात तेवढं उभं राहिलं. आता मी घरात बसले तर लोक काय म्हणतील? तुक्याच्या घरानं अकरा माणसं फुकट खाल्ली."

"कुणी मागतंय का?"

"मागत नाही. पुढच्या वर्षी येणार पण नाही."

 मोड आलेलं भात सुषमानं स्वतः उपटलं होतं आणि उकडलेले कंद तिनंही खाल्ले होते. तिनं हिशेब केला: दोघी रोज वेगवेगळ्या घरी गेल्या तर सहा दिवस. अलिबागला शुक्रवारी पहाटे निघायचं होतं. बसतंय. कसंबसं, पण बसतंय.

बुधवारपासून दोघी निघाल्या. शाळा नाही, सराव नाही. उन्हात वाकून कापायचं, भारे बांधायचे, डोक्यावरून खळ्यावर न्यायचे. दोन घरांत आयाबाया म्हणाल्याही, अगं राहू दे, पोरी तर खेळ म्हणून आल्या होत्या. पण म्हणताना त्या आभाळाकडं बघत होत्या, आणि सुषमा खाचरात उतरल्यावर कुणी तिला बाहेर काढलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर अंगणात ती एकटीच दोन दगड मांडून त्यांच्यामधून पळायची. तुक्या पडवीतून बघत बसायचा आणि मध्येच म्हणायचा, डावीकडं वळताना पाय घसटतोय. शनिवारपर्यंत आठ घरं झाली.

रविवारी पाऊस आला. परतीचा पाऊस, गडगडाट करत, तीन दिवस. बुधवारी उघडलं, पण शेतात पाणी. उंचावरचं एक घर गुरुवारी फेडून झालं. उरली दोन, हाल्याचं आणि जिवलीचं. त्या अकरांत एक पोर हाल्याची नात होती आणि दुसरी शितल. जिवली म्हणजे शितलची आई. दोन्ही शेतं ओढ्याकाठच्या खोलगटात. पाणी ओसरून विळा घालण्याजोगी जमीन व्हायला शनिवार उजाडणार होता. आणि रविवारपासून पुन्हा पाऊस, असं मोबाइलवर सगळ्यांनी बघितलेलं. म्हणजे एकच दिवस, आणि त्याच दिवशी दोन्ही घरं. हाल्याकडं नवशीनं जायचं, त्यात बदल होणार नव्हता, त्या म्हाताऱ्यानंच तर ह्या घराची पत राखली होती. राहिलं जिवलीचं.

गुरुवारी संध्याकाळी सुषमा जिवलीकडं गेली. जिवलीचा नवरा नारळी पौर्णिमेपासून पोरबंदरकडं बोटीवर. घरात ती आणि शितल, दोघीच. सुषमानं दारातूनच विचारलं, "काकी, मी सोमवारी आले तर चालेल? सोमवार, मंगळवार, दोन दिवस येते."

जिवली वाईट बाई नाही. तिनं पोरीला आत बसवलं, पाणी दिलं. "सोमवारी भात कुठं असेल माझं?" ती म्हणाली. "सुषमा, मी एकटी एका दिवसात नाही कापू शकत. दोघींनी कापलं तर होईल. शितल थांबली तर तू जा. शितल गेली तर तू ये. दोघी गेलात तर मी काय खाऊ ते सांग."

शितल कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. आजवर ती संघात राखीव होती, दोनदाच मैदानात उतरलेली. सुषमा नसेल तर तिच्या जागी शितल, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तू जा, मी थांबते, असं तिनं म्हटलं नाही. सुषमाच्या ते लक्षात आलं आणि तिला तिचा रागही आला नाही. आपणही म्हटलं नसतं, हे तिला माहीत होतं.

घरी आली तर सर बसलेले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. डोळे लाल, आवाज चिरका. "मला कुणी सांगितलं का नाही? एका शब्दानं सांगायचं नाही का?" मग म्हणाले, "ठीक आहे, अलिबागला दुपारी निघू, उद्या सकाळी सगळ्या संघाला जिवलीबाईंच्या शेतात उतरवतो. पाण्यात तर पाण्यात. पुन्हा एकदा श्रमदान."

नवशीनं त्यांच्याकडं बघितलं. तीन वर्षं ह्या माणसानं इथलं पाणी प्यायलं होतं. "सर," ती सावकाश म्हणाली, "मग त्या दहा पोरींची सावड जिवलीवर बसल. तिचा नवरा बोटीवर हाय. ती कुठनं फेडणार?"

सरांनी खिशातलं पाकीट काढलं. मग म्हणाले, मी मजूर आणतो, पैसे मी देतो. नवशी म्हणाली, आणा, कुठं मिळतोय बघा. सर तसेच उठले, मोटारसायकल काढून तीन पाडे फिरले. सगळे पुरुष बोटीवर किंवा कंपनीत, बाया आपापल्या भातात. रिकाम्या हातानं परत आले आणि अंगणातच उभे राहिले. "मग मी स्वतः थांबतो," म्हणाले, आणि लगेच त्यांच्याच लक्षात आलं, की सरांशिवाय संघाला मैदानात घेत नाहीत. तेव्हा ते उंबऱ्यावर बसले. "मी चुकलो का हो, आई?" त्यांनी विचारलं. नवशीनं चुलीवर चहा ठेवला. ह्यापेक्षा दुसरं तिनं काय करावं?

इतका वेळ तुक्या भिंतीला टेकून ऐकत होता. तो आता म्हणाला, "मी जातो जिवलीकडं."

 त्यानं काठी ओढली, खांबाला धरून उभा राहिला, आढ्याला खोचलेला विळा काढला आणि अंगणात उतरला. "मला बसून कापता येतंय. सरकत सरकत कापीन. दिवसभर कापीन." आणि दाखवायला म्हणून तो खाली बसायला गेला. आखडलेला पाय पुढं पसरला, एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्या हातानं अंगणाच्या कडेचं गवत धरून विळा ओढला. एकदा ओढला, दोनदा ओढला. तिसऱ्यांदा तोल गेला आणि तो कुशीवर पडला. विळा बाजूला उडाला. त्याला उठता येईना. सर पुढं धावले तसा तो त्यांच्यावर खेकसला, "हात लावू नका. मला जमतंय." तोंडाला माती लागलेली, आणि तो पुन्हा विळ्याकडं सरकायला लागला.

सुषमानं विळा उचलला. बापाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, पडवीत नेऊन बसवलं, तोंड पुसलं. तुक्या रडत होता. मोठा माणूस पोरीसमोर असा रडतो तेव्हा कुठं बघावं कळत नाही. सर अंगणाबाहेर निघून गेले. नवशी चुलीपुढून हलली नाही, पण तिची पाठ हलत होती.

"बा, मी जात नाही," सुषमा म्हणाली. "आता गप."

तुक्या म्हणाला, "जा तू. तू जा गं."

"नाही जात म्हटलं ना."

तिनं सरांना बाहेर जाऊन सांगितलं, शितलला घ्या. सरांनी खूप बोलून बघितलं. पुढच्या वर्षी ही संधी नसते, वय बसत नाही, शाळाही संपते, सगळं सांगितलं. तिला ते सगळं माहीत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, शितल डावीकडं झुकते. खांबाजवळ तिला उजवीकडनं निघायला सांगा." सर रडले की नाही ते माहीत नाही, पण मोटारसायकल सुरू करायला त्यांना बराच वेळ लागला.

शुक्रवारी पहाटे शाळेची गाडी पाड्याच्या फाट्यावरून गेली. सुषमा पाणी भरत होती. हॉर्न ऐकू आला तसा तिनं हंडा खाली ठेवला, मग परत उचलला.

शनिवारी नवशी हाल्याकडं गेली आणि सुषमा जिवलीकडं. खाचरात अजून घोट्याएवढं ओलं होतं. भात आडवं पडलेलं, त्यामुळं एकेक मूठ उचलून कापायची. जिवली एका टोकानं, सुषमा दुसऱ्या टोकानं.  दहा वाजता सुषमाला वाटलं, आता पहिला सामना सुरू झाला असेल. बारा वाजता वाटलं, आता दुसरा. ती कापत राहिली. हाताला जुने फोड होते, ते फुटले, त्यावर तिनं चिंधी बांधली. दुपारी जिवलीनं भाकर आणि बोंबील दिला, पाणी दिलं, आणि म्हणाली, "माझ्यावर राग धरू नको." सुषमा म्हणाली, "नाही काकी." खरंच नव्हता. राग धरायला समोर कुणीतरी असावं लागतं. इथं होता कोण? पाऊस?

चार वाजता शेवटची दोन खाचरं राहिली होती आणि जिवलीचा फोन वाजला. कमरेच्या पिशवीतून तिनं तो काढेपर्यंत बंद झाला. मग त्यावर काहीतरी आलं. जिवलीला वाचता येत नाही. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि फोन सुषमापुढं धरला. "बघ गं, काय लिहिलंय. पोर बरी हाय ना?"

सरांचा निरोप होता. सुषमानं आधी मनात वाचला. मग जिवली तोंडाकडं बघत होती म्हणून मोठ्यानं वाचला. "सुषमा, दुसरा सामना हरलो. पण शितल छान खेळली. साडेतीन मिनिटं उभी राहिली. निवासी क्रीडा केंद्राच्या लोकांनी तिचं नाव घेतलं आहे. शितलच्या आईला सांगा, दिवाळीनंतर तिला तिकडं न्यायचं आहे."

"न्यायचं म्हणजे?" जिवलीनं विचारलं.

"म्हणजे ती तिकडंच शिकणार, काकी. राहणं, जेवण सगळं तिकडं. बारावीपर्यंत. रोज खेळायचं."

जिवली बांधावर बसली. आधी तिच्या तोंडावर हसू आलं, पोरीच्या आईला येतं तसं, मग तिनं सुषमाकडं बघितलं आणि ते हसू थांबलं.  तिनं शेताकडं बघितलं, कापलेल्याकडं आणि राहिलेल्याकडं.

"आणि पुढच्या वर्षी?" ती हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी माझ्या शेतात कोण?"

सुषमानं फोन तिच्या हातात दिला. हातावरची चिंधी दातानं ओढून घट्ट केली आणि विळा उचलला.

"मी हाय ना, काकी," ती म्हणाली, आणि खाली वाकली.